उरलेलं आणि आधी काढलेलं : एका लग्नाच्या कोठीची वही

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, ऐन नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. नागपुरात वर्धा रोडवरच्या एका लॉनवर भाचीचं रिसेप्शन होतं आणि कोठी माझ्याकडे होती. हल्ली कोठी नावापुरतीच उरली आहे. पूर्वी कोठीवाल्याच्या कमरेला किल्ली असायची, साखर-तुपाचा हिशेब त्याच्या डोक्यात असायचा आणि रुसलेल्या आचाऱ्याची समजूत काढणं त्याच्याच नशिबी असायचं. आता केटररचा माणूस सगळं पाहतो. मामानं फक्त ताटं मोजायची. मी ताटं मोजली, ती एका वहीत लिहिली, आणि त्या रात्री पुढे जे घडलं तेही त्याच वहीत लिहिलं. चार-पाच महिने आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून रामायण चाललं, म्हणून सगळं एकदा नीट मांडतो आहे.

माणसं कोण ते आधी सांगतो. ताई आणि भाऊजी म्हणजे नवरीचे आईवडील, राहणार प्रतापनगर. भाची सहा वर्षं जर्मनीत लाइपझिगला नोकरीला. जावई तिथलाच. त्याचे आईवडील, आमचे व्याही आणि विहीणबाई, पहिल्यांदाच भारतात आले होते. आणि माझी आई, वय ऐंशी, जिला अजून सगळं ऐकू येतं आणि जिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही.

ठराव 'प्लेट'वर झाला होता. किमान ६०० ताटांची हमी. कमी आले तरी पैसे ६०० चेच, जास्त आले तर वरच्या प्रत्येक ताटाचे वेगळे. बोलणी सुरू झाली तेव्हा यादीत १६ पदार्थ होते, संपली तेव्हा ३८. मधले २२ कसे वाढले हे मी समोर बसून पाहिलं आहे. शेजारच्यांच्या लग्नात चाटचा काउंटर होता, म्हणून चाट. चाट आहे तर डोसा का नको. भाऊजींच्या ऑफिसातल्या साहेबांकडे मॉकटेल होतं. "विदेशी पाहुणे आहेत, त्यांना तिखट झेपणार नाही," म्हणून पास्त्याचा लाइव्ह काउंटर. यातला एकही पदार्थ कुणाला खायचा होता म्हणून आला नव्हता. प्रत्येक पदार्थ कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून आला होता. आणि विदेशी पाहुणे पास्त्याकडे फिरकले सुद्धा नाहीत. व्याही पूर्ण वेळ पाटवडी-रश्शाच्या काउंटरला चिकटून उभे होते, नाक पुसत, आणखी मागत.

आली किती माणसं? वहीत ४७० ताटं आहेत. तिथी दाट होती. त्याच रस्त्यावर ओळीनं लॉन आणि प्रत्येक लॉनवर रोषणाई. नागपुरात अशा रात्री माणूस एका लग्नाला जात नाही, तीन लग्नांना जातो. एकीकडे पाकीट देतो, दुसरीकडे जेवतो, तिसरीकडे आइस्क्रीम खातो. मीसुद्धा आयुष्यभर हेच केलं. ज्यांनी ताट घेतलं त्यांनी ते एकदाच गच्च भरून घेतलं, कारण रांग लांब आणि पुन्हा त्या उकाड्यात कोण उभं राहणार. सात वर्षांच्या पोराच्या हातातही पूर्ण ताट. दोन घास पनीर, अर्धा गुलाबजाम, आणि ताट टेबलाखाली.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. केटररची दोन पोरं फक्त ताटांवर नजर ठेवून होती. कुणी ताट बदललं, कुणी दुसरं उचललं, लगेच नोंद, कारण ताट म्हणजे पैसा. ताटातलं अन्न मात्र कुणाचंच नव्हतं. केटररचे पैसे ठरलेले, भाऊजींचे पैसे गेलेले, पाहुण्याला फुकट. ताटाला राखण होती, अन्नाला नव्हती.

विहीणबाईंचं ताट वेगळं होतं. त्यांनी थोडं घेतलं आणि पुसून स्वच्छ केलं. आमच्या काकूंनी ते रिकामं ताट पाहिलं आणि जिलबी वाढली. त्यांनी तीही संपवली. मग दुसऱ्या काकूंनी भात वाढला. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी विहीणबाईंनी घाबरून भाचीकडे पाहिलं. त्यांच्याकडे ताट रिकामं करणं म्हणजे 'झालं माझं'. आमच्याकडे रिकामं ताट म्हणजे यजमानाला हाक. भाचीनं दोन्ही बाजूंना समजावून सांगितलं, शिवाय हेही सांगितलं की जर्मनीत लहान मुलांना म्हणतात, ताट संपव, म्हणजे उद्या छान ऊन पडेल. नवतप्यात, रात्री नऊला घामानं सदरा पाठीला चिकटलेला असताना, हे ऐकून भाऊजी म्हणाले, "त्यांना म्हणा नका संपवू. आहे तेवढं ऊन पुरे."

हसलो सगळे. पण विहीणबाईंना दुसऱ्या दिवशी दिवसभर ओआरएसवर राहावं लागलं, हेही वहीत आहे.

आता रात्री साडेअकराचं. पाहुणे गेले, नवरा-नवरीचे फोटो चाललेले, आणि केटररचा माणूस मला मागे घेऊन गेला. ताटांतून निघालेल्या उष्ट्याच्या वीस-वीस लिटरच्या ११ बादल्या. त्यापलीकडे भांड्यांत उरलेलं: जिरा राइसचा एक पूर्ण गंज (मोठं पातेलं) आणि दुसरा अर्धा, दालफ्राय एक गंज, पनीरची भाजी अर्ध्या गंजाच्या वर, पुऱ्यांची टोपली, गुलाबजामांची दोन भांडी, आणि पास्ता, जवळजवळ होता तसा. तो म्हणाला, "साहेब, यातलं काय घरी पाठवू?" घरी ताईकडे फ्रिज एक, माणसं नऊ, आणि बाहेर पारा अजून पस्तिशीच्या वर.

भाची शालूसकट तिथे आली. लाइपझिगला ती दर आठवड्याला अन्न वाचवणाऱ्या एका गटात काम करते. जर्मनीत ही फूडशेअरिंगची चळवळ २०१२ पासून आहे. दुकानदाराकडचा कालचा ब्रेड, डाग पडलेली फळं ही मंडळी उचलून आणतात आणि रस्त्यावरच्या सार्वजनिक फ्रिजमध्ये ठेवतात. कुणीही यावं, घेऊन जावं. विद्यार्थी घेतो, प्राध्यापक घेतो, ती स्वतः घेते. तिला हे सगळं इतकं सरळ वाटत होतं की ती म्हणाली, "मामा, कुणाला तरी देऊन टाकू ना. भुकेली माणसं नाहीत का नागपुरात?"

आहेत. मी मंडपवाल्याचा छोटा हत्ती टेम्पो मागून घेतला, भात, दाल, भाजी आणि गुलाबजाम चढवले. मंडपावर काम करणारा एक पोरगा सोबत आला. म्हणाला, "आमच्याकडे चला, रिंग रोडच्या पलीकडे वस्ती आहे." जावईही चढला, सुटातच.

वस्तीत पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. उकाड्यानं लोक बाहेर खाटा टाकून पडले होते. पोरानं दोघा-तिघांना उठवलं. एक तरुण आला, नमस्कार-जयभीम झाला. त्यानं झाकण उघडून पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "काका, हे कितीला बनलं?"

सहाच्या सुमाराला, मी म्हणालो.

"कोणाचं पोट बिघडलं तर सकाळी कोण येईन?"

प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात बाजूच्या खाटेवरून एक म्हातारी उठून बसली. माझ्या आईच्याच वयाची असेल. तिनं आधी सुटातल्या जावयाला न्याहाळलं, मग मला विचारलं, "लग्नातलं का जी?"

हो म्हटलं.

"भोजनदान असतं तं तुम्ही दुपारीच बोलावलं असतं आम्हाले. बसवलं असतं. हे उरलं म्हणून आणून राह्यले." मग तिनं जे सांगितलं ते मी परतताना गाडीतच वहीत लिहून घेतलं. "माह्या सासऱ्यानं हे छप्पन सालीच सोडून देलं."

मी घाईघाईनं म्हणालो, आजी, हे उष्टं नाही, भांड्यातलं आहे, कुणाचा हात लागला नाही. ती म्हणाली, "मले काय माहीत? तुमाले तरी पक्कं माहीत आहे का?" खरं सांगायचं तर नव्हतं. काउंटरवरच्या भांड्यांत राहिलेलं अन्न केटररच्या पोरांनी परत गंजात ओतताना मी स्वतः पाहिलं होतं.

झाकण लावलं, वळलो. तो पोरगा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही. त्याला आम्ही कुठे आणून उभं केलं होतं ते मला फार उशिरा कळलं.

बाकीचं लवकर सांगतो. तिथून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा, कुठून कुठून आलेले रुग्णांचे नातेवाईक तिथे आवारात झोपतात. त्यांनी भात आणि गुलाबजाम घेतले, बऱ्याच जणांनी घेतले, आणि त्यातल्या एकानंही कुठलं म्हणून विचारलं नाही. दालीला तोवर वास येऊ लागला होता, ती आम्हीच दिली नाही. पुऱ्या आणि पास्ता लॉनवरच राहिले होते. सकाळी भाऊजींना गोरक्षणाची आठवण झाली. तिथल्या माणसानं नकार दिला. शिजलेला भात आणि साखर गाईला ढिगानं घातली तर तिच्या पोटात आंबून ती दगावते, असं त्यानं सांगितलं. "गाय आहे जी, पाहुणा नाही." उरलंसुरलं कचऱ्याच्या गाडीत गेलं, म्हणजे अखेर भांडेवाडीला. शहराचा रोजचा हजार टनांहून जास्त कचरा जिथे जातो आणि उन्हाळ्यात जिथल्या ढिगाला आग लागल्याची बातमी येते, त्या ढिगावर आमच्या अठ्ठेतीस पदार्थांपैकी निम्मे तरी जाऊन पडले असतील.

वाद सुरू झाला तो तिसऱ्या दिवशी. भाचीनं ग्रुपवर लिहिलं की एवढं अन्न वाया जातं आणि कुणालाच काही वाटत नाही, याचं तिला नवल वाटतं. पुण्याच्या चुलतभावानं लिहिलं की नागपूरकरांना बडेजाव लागतोच. (हा भाऊ स्वतः त्या रात्री तीन ताटं घेऊन बसला होता. वही आहे माझ्याकडे.) एका काकांनी लिहिलं की हल्ली वस्तीतल्या लोकांनाही माज आला आहे, फुकट दिलं तरी नको. त्यावर मी पहिल्यांदाच ग्रुपवर भांडलो.

मी जे पाहिलं होतं त्यात वाटत नव्हतं असा कुणीच नव्हता. ताईला वाटत होतं, पण कशाचं? आमच्या घरात एक गोष्ट गेली चाळीस वर्षं सांगितली जाते: मावशीच्या लग्नात पुऱ्या संपल्या होत्या. वरात उशिरा आली, व्याह्यांकडचे शेवटचे वीस-पंचवीस लोक नुसत्या भातावर उठले. मावशी आता आजी झाली, तिच्या सासरचे निम्मे लोक हयात नाहीत, पण पुऱ्या अजून संपतच आहेत. उलट कुणाच्या लग्नात किती उरलं याची एकही गोष्ट आमच्या घरात नाही. उरलेलं कुणी लक्षात ठेवत नाही. कमी पडलेलं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. ताईनं ३८ पदार्थ आणि ६०० ताटं घेतली ती त्या पुऱ्यांच्या भीतीनं. विहीणबाईंच्या घरी लाज उलट्या जागी आहे. पूर्व जर्मनीत १९५८ पर्यंत रेशनकार्ड होतं. त्यांच्या आईनं त्यांना ब्रेडचा कडक तुकडा फेकू दिला नाही, त्यांनी त्यांच्या मुलाला. तिथे पाहुण्यांना कमी पडलं तर लोक हसून आणखी बटाटे उकडतात. कचऱ्याच्या डब्यात अख्खा ब्रेड दिसला की मात्र मान खाली जाते.

यावरून आमची भाची 'तिकडे असं नाही' म्हणू लागली, तेव्हा मी तिला एक आकडा पाठवला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ साली दिलेल्या अंदाजानुसार भारतात घरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं. जर्मनीत घराघरांतला हाच आकडा ७५ ते ८० किलोच्या घरात आहे. जगाची घरगुती सरासरी ७९. म्हणजे ताट पुसून खाणाऱ्या देशात फ्रिजमधून जास्त जातं: आठवड्याची खरेदी एकदम, मोठी पाकिटं, तारीख उलटली की डबा. शिवाय दुकानाच्या कचरापेटीतून चांगलं अन्न उचलणं तिथे चोरी ठरते. दोन विद्यार्थिनींना त्याबद्दल दोषी ठरवलं गेलं आणि २०२० मध्ये तिथल्या घटना न्यायालयानंही त्यांची तक्रार फेटाळली. भाचीला हे माहीत होतं. तिनं फक्त एवढंच लिहिलं की घरगुती आकड्यात लग्नाचं लॉन येत नाही. ते खरं आहे. हॉटेलं, केटरिंग यांचा हिशेब त्या अहवालात वेगळा धरतात, आणि आमच्या अकरा बादल्या त्या रकान्यातल्या. आम्ही घरी काटकसर करतो आणि मांडवात उधळतो. तिकडे मांडव नाही, सुपरमार्केट आहे.

ग्रुपवर बोलला नाही तो जावई. त्यानं मला वेगळा फोन केला आणि शब्द विचारले. शिळं म्हणजे काय, उरलेलं म्हणजे काय, आणि ती म्हातारी ज्याला नाही म्हणाली ते काय. जर्मनमध्ये भांड्यातलं राहिलं काय आणि ताटातलं राहिलं काय, दोन्हीला एकच शब्द, म्हणाला. शिळं त्याला लगेच कळलं. लग्नानंतरच्या सकाळी आईनं राहिलेल्या पोळ्यांचा कुस्करा केला होता आणि विहीणबाईंनी शेजारी उभं राहून तो पाहिला होता. त्यांच्याकडे शिळ्या ब्रेडचे तुकडे दुधात भिजवून त्याचे उकडलेले गोळे करतात. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण ओट्यापाशी कुणाला दुभाषी लागला नाही. उरलेलंही त्याला कळलं. उष्टं त्याला कळेना. तोंड लागलेलं, एवढ्यानं भागत नाही ना.

मग मी त्याला सांगितलं, जे मी ग्रुपवर काकांना सांगितलं होतं. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजोबांच्या वाड्यात लग्न झालं की पंगती उठल्यावर मागच्या दारी टोपल्या जायच्या. पत्रावळींवरचं सुद्धा. गावकुसाबाहेरची माणसं तिथे थांबलेली असायची, थांबणं त्यांना भाग होतं. येसकराचं, म्हणजे गावच्या वेशीच्या राखणीचं, काम करणाऱ्यानं दारोदार भाकर मागायची हा त्याचा हक्क मानला जायचा, आणि तसल्या हक्कानं माणूस कायम मागच्या दाराशी बांधलेला राहायचा. आमच्या घरात अन्न वाया जात नसे ते या व्यवस्थेमुळे. 'पूर्वी काही टाकत नव्हतो' असं अभिमानानं म्हणताना ते कुणाच्या पोटात टाकत होतो हे आम्ही गाळतो. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस आणि दारचे उष्टे तुकडे सोडा. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात दीक्षा झाली आणि लाखो घरांनी जे सोडायचं होतं ते सोडलं. त्या म्हातारीच्या सासऱ्यानं सोडलेलं मी तिच्या नातवंडांसमोर रात्री साडेबाराला छोट्या हत्तीत घालून घेऊन गेलो होतो, वर गुलाबजाम.

लाइपझिगच्या सार्वजनिक फ्रिजमधून ब्रेड उचलणाऱ्या प्राध्यापकाच्या आजोबांना कुणी त्या ब्रेडसाठी मागच्या दाराशी उभं केलं नव्हतं. तो अभिमानानं उचलतो, वस्तीतली म्हातारी अभिमानानं नाकारते. गंमत म्हणजे गरजेमुळे अन्न घ्यावं लागलं की तिथेही मान खाली जाते: १९९३ पासून तिथे गरजूंना अन्न देणाऱ्या 'टाफेल' नावाच्या संस्था आहेत, आणि तिथल्या रांगेत ओळखीचं कुणी भेटलं की लोक तोंड फिरवतात, असं विहीणबाईंनीच सांगितलं.

आणि नागपूरला खाऊ घालणं शिकवायची गरज नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर भोजनदानाचे किती स्टॉल लागतात ते येऊन पाहावं. ताजबागच्या दर्ग्यात लंगर, गणपती-नवरात्रात चौकाचौकात महाप्रसाद. तिथे डॉक्टरही द्रोण धरतो आणि रिक्षावालाही, आणि घेतल्यानं कुणी लहान होत नाही. मेडिकलच्या आवारातल्या लोकांनी घेतलं ते भूक होती म्हणून, आणि कदाचित तिथे कुणी कुणाला ओळखत नव्हतं म्हणून. मी पुष्कळ विचार केला तेव्हा मला फरक फक्त वेळेचा दिसला. भोजनदानाचं अन्न देणाऱ्यानं स्वतः जेवायच्या आधी बाजूला काढलेलं असतं. आमचं, आमची पोटं भरल्यावर सापडलेलं होतं. भात तोच, गंज तोच.

शास्त्रही वेळेचंच बोलतं. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ च्या खाली थंड हवं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे की बाहेर ठेवलेलं अन्न दोन तासांत संपवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. नागपूरची मेमधली रात्र म्हणजे एकच तास. भाताची तर वेगळीच खोड: तो पुन्हा गरम केला तरी त्यातलं विष जात नाही. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याबद्दल आपल्याकडे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे नियम आहेत, पण ते पाळायचे तर झाकण, तापमान, वेळेची नोंद हे सगळं संध्याकाळी सहाला ठरलेलं हवं. साडेअकराला शालू नेसून ठरवता येत नाही. त्या तरुणाचा 'कितीला बनलं' हा प्रश्न म्हणूनच बरोबर होता.

नोव्हेंबरमध्ये आईचं सहस्रचंद्रदर्शन आलं. या वेळी मी ताईला म्हणालो, कोठी खरी दे. प्लेट नको, आचारी मजुरीवर लावू, शिधा आपला. इतवारीच्या किराणा ओळीतून सामान आणलं, कॉटन मार्केटमधून भाजी. असा ठराव असला की न शिजलेली तूरडाळ कोठीत शिल्लक राहते आणि दुसऱ्या दिवशी घरी येते. प्लेटच्या ठरावात अशी शिल्लक नसतेच. स्वस्त पडलं का? फारसं नाही. आचाऱ्याची मजुरी, भांड्यांचं भाडं, गॅस, आणि माझे तीन दिवस. कंबर धरली ती वेगळी.

१८० माणसं, नऊ पदार्थ, पंगत. हिवाळा लागला होता, सांबार स्वस्त, म्हणून सांबारवडी. (बाहेरच्यांसाठी: नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. जावई अजून इडलीबरोबरचं समजतो.) वडाभात, कढी, पाटवडी-रस्सा, वांग्याची भाजी, पोळ्या, कोशिंबीर, मठ्ठा, श्रीखंड. यादी आईनं केली आणि वर कुणाला बोलू दिलं नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी तिनं थापल्या आहेत. तिला मेनू कार्डाची भीती वाटत नाही.

पहिली पंगत सहा वाजता बसली. मंडपवाले, वाढपी, ड्रायव्हर, हॉलचे सफाईवाले, आचाऱ्याची माणसं. वाढायला आम्ही घरचे. आणि जे बाहेर पाठवायचं होतं ते, आधी बोलून ठेवलं होतं त्या वसतिगृहात, वडे तळले जात असतानाच झाकण लावून गेलं. त्या मंडपाच्या पोराला मी पत्रिका घरी नेऊन दिली होती, सगळ्यांच्या नावानं. तो आला, त्याची बायको आणि दोन पोरं आली. म्हातारी आली नाही. का, ते मी विचारलं नाही.

पंगतीत आग्रह बंद ठेवायचा ठरलं होतं. दहा मिनिटं टिकला तो ठराव. काकूंच्या हातात श्रीखंडाचं भांडं दिल्यावर दुसरं काय होणार. तरी रात्री ताटांतलं जे निघालं ते दीड बादली. भांड्यांत उरलं थोडं श्रीखंड आणि कढी.

आणि तिसऱ्या पंगतीला वडाभात संपला.

मी वड्यांचा अंदाज चुकवला होता. पहिल्या पंगतीला सढळ वाढलं, वसतिगृहालाही सढळ दिलं, आणि शेवटचे बावीस जण, त्यांत भाऊजींचे साहेब, पोळी-भाजी आणि कढीवर जेवले. छान जेवले. साहेबांनी वांग्याची भाजी तीनदा घेतली. पण साडेनवाला ग्रुपवर पुण्याचा भाऊ, जो आलाही नव्हता, विचारत होता, "वडाभात कमी पडला म्हणे?"

दहा वाजता भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे विहीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, या वेळी किती उरलं? भाचीनं ताईला तो प्रश्न मराठीत सांगितला. ताई म्हणाली, "वडाभात पार संपला." भाचीनं ते जर्मनमध्ये सांगितलं, आणि तिकडे विहीणबाईंनी खुश होऊन टाळ्या वाजवल्या. ताईनं फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली.